चांगदेवच्या कीर्तनात ऐकलेलं क्वांटम खरं का?

तापीकाठ, रावेर:
महाशिवरात्रीला चांगदेवला गेलो होतो. तापी-पूर्णेच्या संगमावर कीर्तन रंगलं होतं. बुवांनी चांगदेव पासष्टीतला द्रष्टा-दृश्याचा भाग घेतला आणि म्हणाले, "माउलींनी सांगितलं तेच आता क्वांटमवाले सांगतात. कोणी पाहिल्याशिवाय इलेक्ट्रॉनला जागाच नसते, म्हणजे जग मनातूनच निघालं." सगळ्यांनी गजर केला. मुलगा बारावी सायन्सला आहे. येताना गाडीवर मागून विचारतो, "पप्पा, हे खरं का?" जाणकारांनी सांगावं.

भुसावळकर:
मी फिजिक्स शिकवतो, आणि घरात वारी आहे. त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा. बुवांच्या वाक्यातलं 'म्हणजे' च्या आधीचं बरंचसं चालेल, पुढचं नाही.

व्हिएन्नात 1999 मध्ये साठ कार्बन अणूंचे रेणू जाळीतून सोडले, तर त्यांचेही लाटांसारखे पट्टे उमटले, म्हणजे रेणूची एकच ठरलेली वाट नव्हती. 2004 मध्ये तिथेच सत्तर अणूंचे रेणू आधी लेसरने तापवले. जितके गरम, तितके पट्टे पुसट. 3000 केल्विनच्या आसपास गायबच. तापलेला रेणू वाटेत प्रकाश सोडतो आणि आपण कुठून गेलो याची खूण त्या प्रकाशात ठेवून जातो. तो प्रकाश कोणीही बघत नव्हतं, तरी पट्टे गेले. मनाची गरज कुठे पडली? विग्नर या भौतिकशास्त्रज्ञाने 1961 मध्ये अनेक शक्यतांतून एक ठरवण्याचं काम पाहणाऱ्याच्या जाणिवेकडे दिलं होतं. पुढे त्यानेच ते मत सोडलं.

क्वांटमचं मूळ समीकरण देणाऱ्या श्रॉडिंगरला उपनिषदांची ओढ होती, हे अगदी खरं. जाणीव मुळात एकच, असं तो मानायचा. पण क्रम बघा: वेदान्तावरचं त्याचं लिखाण 1925चं, समीकरण 1926चं. अद्वैत गणितातून निघालं नाही, ते आधीच त्याच्या मनात होतं.

आणि पासष्टीला प्रयोगशाळेचा दाखला हवाच कशाला? त्या 65 ओव्यांत ज्ञानदेव म्हणतात की आरसा नव्हता तेव्हाही तोंड होतंच. त्यांचा रोख पाहणाऱ्यावर आहे. कुठलाही डिटेक्टर तिथे पोचत नाही. इलेक्ट्रॉनचा आधार दिला की उलट ओव्यांचंच वजन कमी होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पांझरा, धुळे:
बेस सांगं भाऊ. पण पट्टे गेले तरी अनेक शक्यतांतून एकच का घडते, हे कुठे सुटलं? आणि 2022च्या भौतिकीच्या नोबेलचं काय? कणांचे गुण मोजण्याआधी ठरलेले नसतील तर जग मनातच मानणारा तत्त्वज्ञ बर्कलीच बरोबर ना?

भुसावळकर:
पहिलं सुटलेलं नाही. त्यावर भौतिकीवाले आजही भांडतात. दुसऱ्याबद्दल: भौतिकशास्त्रज्ञ बेलने 1964 मध्ये याची कसोटी दिली, ते नोबेल मिळालेल्या क्लाउझर, आस्पे, त्सायलिंगर यांनी ती प्रकाशकणांवर तपासली. गुण आधीच ठरलेले आणि दूरच्या मापनाचा इथे परिणाम नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र टिकत नाहीत, एवढं त्यातून कळलं. कोणती सोडायची ते प्रयोग सांगत नाही. बर्कलीने 1710 मध्ये मांडलं की असणं म्हणजे दिसणं, आणि आपली नजर नसतानाही जग टिकतं ते देव पाहतो म्हणून. पटलं तर तत्त्वज्ञान म्हणून जरूर घ्या. प्रकाशकणांना त्यात साक्षीला उभं करू नका.

तापीकाठ, रावेर:
धन्यवाद सर. पोराने वाचलं. तो विचारतोय, रेणू लेसरनेच का तापवले, भट्टीत का नाही?

भुसावळकर:
भट्टी होतीच, झोत तयार करायला. पण पुढे त्याच झोताचं तापमान हवं तसं कमी-जास्त करायला लेसर सोयीचा. हुशार आहे, त्याला थेट इथेच लिहायला सांगा.