मदत हवी आहे: आईच्या स्वादुपिंडातल्या गाठीची बायोप्सी. कुठून करावी, की करूच नये?

मंडळी, घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आई ६६ वर्षांची, कळव्याला आमच्यापाशीच असते. आधी अंगाला खाज सुटली, ती आम्ही घामोळ्यांवर ढकलली. मग डोळे पिवळे दिसायला लागले. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याच्या भागात ३.२ सेंमीची गाठ निघाली, तिने पित्तनलिका दाबलीय. काविळीचं बिलिरुबिन ११, गाठीसाठीची रक्ततपासणी सीए १९-९ साडेतीनशेच्या आसपास. रिपोर्टात पुढे लिहिलंय की गाठ एसएमव्ही या आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेला १८० अंशांहून जास्त, म्हणजे अर्ध्याहून अधिक वेढून आहे.

ठाण्यातले सर्जन म्हणतात, बायोप्सीत वेळ घालवू नका, थेट ऑपरेशन करू. वाशीचे म्हणतात, आधी केमो, नंतर ऑपरेशन, आणि त्यासाठी एंडोस्कोपीतून बायोप्सी हवीच. तिसरीकडे ऐकलं, सीटीवर बघत पोटातून सुई घालू, स्वस्तात होईल. त्यात मामांनी आईसमोरच सांगून टाकलं की गाठीला सुई लावली की ती पसरते. आई तेव्हापासून गप्प.

नेमकं कोणाचं ऐकायचं? आणि मागच्या वर्षी तिची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू आहेत. त्याचं काय?

'धीर धरा' नको, तो धरलाच आहे. अनुभव असेल तर लिहा.

खारघरकर:
ताई, सासऱ्यांच्या वेळी आम्ही यातूनच गेलो. डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

दोन्ही सर्जन बायोप्सीवरून भांडतायत असं वाटतं, पण खरा मतभेद आधी ऑपरेशन की आधी केमो हा आहे. गाठ सरळ निघण्यासारखी असेल आणि स्कॅन ठळक असेल तर बायोप्सीशिवाय ऑपरेशन करतात, त्यात चुकीचं काही नाही. केमो मात्र तुकड्याच्या रिपोर्टाशिवाय कोणी सुरू करत नाही. शिरेला १८० अंशांच्या वर वेढा असेल तर बहुतेक ठिकाणी आधी केमोच सुचवतात. म्हणून तो स्कॅन परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात किंवा इथे खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच केंद्रात, दाखवून आधी तेवढं ठरवून घ्या.

मामांना सांगा, भीती अगदीच हवेतली नाही, पण असं घडणं फार क्वचित. एंडोस्कोपीत दुर्बीण तोंडातून जाते, टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो आणि डोक्याच्या भागातल्या गाठीत सुई ड्युओडेनममधून, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून घालतात. पुढे व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन झालं तर तो भाग तसाही काढला जातो. पोटाच्या कातडीतून घातलेल्या सुईची वाट मात्र मागे राहते. ऑपरेशनची आशा असताना मी तरी पोटातून करून घेतली नसती. लिव्हरमध्ये डाग असते तर गोष्ट वेगळी.

सासऱ्यांना डाव्या कुशीवर झोपवलं, दुर्बीण चावली जाऊ नये म्हणून दातांत प्लास्टिकचं कडं, गुंगीचं इंजेक्शन. नंतर दिवसभर घसा खवखवला, एवढंच. पोटात कळ येऊन पाठीत गेली, ताप आला किंवा काळी शी झाली तर लगेच परत या, असं बजावून सोडलं होतं. स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पण फार कमी जणांना.

लॅबवाली:
मी पॅथॉलॉजीत काम करते. वरच्यात भर.

एंडोस्कोपिस्टना विचारा, नुसत्या पेशी ओढणार की कोअर सुईने तुकडा काढणार? तुकडा मिळाला तर बरं. फॉर्मॅलिनच्या बाटलीत तो शेवयांच्या चुऱ्यासारखा दिसतो, पण त्यावर नंतर जास्तीच्या तपासण्या करता येतात. रिपोर्टाबरोबर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, टाटात पुन्हा बघायला तेच लागतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेढे वाटू नका. या गाठीत तंतूच जास्त आणि पेशी विरळ असतात, सुई चुकीच्या जागी पडू शकते. शंका राहिली तर पुन्हा करतात. सीए १९-९ वर फार जीव टांगू नका, कावीळ असताना ते तसंही वाढतं. रक्तातल्या आयजीजी४ या प्रतिपिंडाची तपासणी करायची का, तेही विचारा. ऑटोइम्यून, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येणारी स्वादुपिंडाची सूज हुबेहूब गाठीसारखी दिसते आणि ती स्टिरॉइडने उतरते. आपल्याकडे टीबीही असा वेष घेतो.

क्लोपिडोग्रेल स्वतःच्या मनाने बंद करू नका! साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात, पण हृदयातला स्टेंट वर्षाच्या आतबाहेरचा असेल तर कार्डिओलॉजिस्टच ठरवतील. काविळीत रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी आधी करून घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. कार्डिओलॉजिस्टची वेळ घेतलीय, सीटीची सीडी ॲक्ट्रेकला नेतेय. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट टाकायचाय, तो बायोप्सीच्या आधी की नंतर?

लॅबवाली:
बायोप्सी आधी असेल तर बरं, स्टेंटमुळे सोनोग्राफीत गाठ नीट दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी एकाच भुलीत आधी सुई, मग स्टेंट असं उरकतात. तसं जमेल का, हे तारीख घेतानाच विचारा.