प्रतिसाद: उभ्याने ऑपेरा

कुणीतरी म्हटलंय की व्हिएन्नात ऑपेराचं स्वस्त तिकीट म्हणजे खांबाआडची खुर्ची. खुर्चीपुरतं ते खरंही असेल, पण स्टाट्सऑपरमध्ये (तिथल्या सरकारी ऑपेरागृहात) खुर्ची घ्यायचीच कशाला? चांगली जागा दोनशे युरोंच्या वर जाते, उभ्याचं तिकीट वीसच्या आत. त्यातही पार्टेरचं, म्हणजे तळमजल्यावरचं, मिळालं तर सोनंच! मधल्या मोठ्या बॉक्सच्या बरोबर खाली, रंगमंच अगदी समोर. वर गॅलरीत दिसतं कमी, पण आवाज झकास.

जाताना एक मफलर न्या, उन्हाळ्यातसुद्धा. आत शिरलं की तो समोरच्या कठड्याला बांधायचा, की जागा तुमची. मग खुशाल कॉफीला जा, कुणी हात लावत नाही. (आपल्याकडे एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात, अगदी तसंच.) भाषांतराचा छोटा पडदाही त्या कठड्यावरच असतो.

फक्त पहिल्याच दिवशी वाग्नरचा ऑपेरा नको. मध्यंतरं धरून कधीकधी पाच तास होतात, पायांचे तुकडे पडतात. पुच्चिनीचं छोटेखानी 'ला बोहेम' घ्या, बाहेर पडून शेवटची ट्राम आरामात मिळते.

हंगाम सप्टेंबर ते जून, त्यामुळे जुलै-ऑगस्टची सहल ठरवली असेल तर हे सगळं विसरा.