सुप्याच्या माळावर ६०० एमएमला फोटो सॉफ्ट (धूसर) येतात, लेन्स बदलू का?

कोथरूडकर_खंड्या:

नमस्कार मंडळी. पक्षी बरीच वर्षं बघतोय, कॅमेरा मात्र गेल्या दिवाळीत घेतला. क्रॉप सेन्सर बॉडी आणि १५०-६०० झूम. पाषाण तलाव, वेताळ टेकडी इथले फोटो मनासारखे येतात. तांबट, वेडा राघू, शिंपी, सगळ्यांची पिसं न् पिसं मोजून घ्या.

मार्चपासून सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात आणि मोरगावच्या बाजूच्या माळांवर जायला लागलो आणि तिथे सगळं बिघडतं. धाविक (माळावर धावत फिरणारा छोटा पक्षी) समोर उभा, शटर १/२५००, लेन्स गाडीच्या खिडकीत बीनबॅगवर, फोकसचा चौकोन डोळ्यावर. तरी पांढरी भुवई आणि काळी रेघ एकमेकांत मिसळलेली. लांबच्या चिंकाऱ्याची शिंगं तर नागमोडी दिसतात. घरून निघून पोचायला नऊ-साडेनऊ होतात, मग अकरापर्यंत थांबतो. सर्व्हिस सेंटरला लेन्स दाखवली, दोष नाही म्हणाले. ओळखीतले एक जण ५०० एमएम प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, विकतायत. झूम देऊन ती घ्यावी का? एवढे पैसे एकदाच घालता येतील, म्हणून विचारतोय.

चंडोल_सासवड:

नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नकोच.

लेन्स खराब असेल तर शिंगं धूसर दिसतील, नागमोडी नाही दिसणार. तुमच्या आणि चिंकाऱ्याच्या मधली हवा थरथरतेय. आपल्याकडचा माळ म्हणजे उघडा मुरूम. ऊन चढलं की तो झपाट्याने तापतो, त्याला लागून असलेली गरम हवा वर उठते आणि वरची थंड हवा तिच्यात मिसळत राहते. दोन्हींची घनता वेगळी, म्हणून प्रकाश तुमच्यापर्यंत येताना जागोजागी थोडाथोडा वाकतो. तापल्या तव्यापलीकडची भिंत हलताना दिसते, तसंच. शटर वाढवून काही होत नाही, कारण त्या क्षणी जी वाकडी प्रतिमा आली तीच गोठते. महागडी प्राइमही तेच टिपेल. पाषाणला झाडाची सावली असते, पक्षी जवळ असतो, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही.

खात्री करायची तर एकाच पक्ष्याचे लागोपाठ दहा-पंधरा फोटो काढा आणि घरी मोठे करून बघा. एक बरा, दुसरा विरघळलेला, तिसऱ्यात चोच वाकडी असं असेल तर हवा. सगळे सारखेच सॉफ्ट असतील तर लेन्स किंवा फोकस.

उपाय दोनच, वेळ आणि अंतर. मे महिन्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तेव्हा तुम्ही माळावर हजर असायला हवं. त्यासाठी घरून चारला निघावं लागलं तर निघा. अभयारण्य उघडण्याची वेळ आधी विचारून ठेवा, तोवर बाहेरचे माळ आहेतच. आणि साठ मीटरवरच्या धाविकाचा फोटो काढूच नका. इंजिन बंद करून गाडीत बसून राहा. धाविक चार पावलं धावतो, थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो. आपण हललो नाही तर कित्येकदा तोच वीस मीटरवर येतो. गायरानात उतरता येत असेल तर पहिल्या तासात पोटावर झोपून फोटो काढा, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून माळ फार सुंदर दिसतो. ऊन चढल्यावर मात्र तसं करू नका, सगळ्यात वाईट थरथर जमिनीलगतच असते.

साडेआठनंतर मी कॅमेरा बॅगेत ठेवतो आणि दुर्बीण काढतो. ही खरी पखुर्ड्यांची, म्हणजे कबुतराएवढ्या माळपक्ष्यांची, पाण्यावर येण्याची वेळ. पाणवठ्यापासून लांब बसून बघा. नर पाण्यात पोट बुडवतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि तसाच उडून जातो. पिलं ती पिसं चोचीत धरून पाणी पितात. हे बघायला ६०० एमएम लागत नाही, आणि या भागात पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी बघावं असं मला मनापासून वाटतं.

भीमाकाठ:

चंडोलदादांशी सहमत. दोन गोष्टी माझ्याकडून. एसी गाडीतून थंडगार लेन्स काढून लगेच फोटो घेऊ नका, हुडच्या आतल्या हवेतही अशीच थरथर होते. खिडक्या उघडून थोडा वेळ जाऊ द्या किंवा हुड काढा. आणि लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी उतरवा.

थरथर फक्त उन्हाळ्यातच असते असंही नाही. जानेवारीत भिगवणला पहाटे उजनीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, लांबच्या रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) पाय त्यामुळे हलताना दिसतात. कुंभारगावचे नावाडी हे बरोबर ओळखतात. उगाच लांबून फोटो काढू देत नाहीत, होडी हळूहळू जवळ नेतात.

माळटिटवी:

चंडोलदादा, हवेबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर, पण पोटावर झोपण्याचा सल्ला मार्च ते जूनसाठी कृपा करून मागे घ्या.

हाच धाविकाचा आणि माळटिटवीचा विणीचा हंगाम. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. अंडी मुरमाच्या रंगाची, दोन पावलांवरूनसुद्धा खडेच वाटतात. पाय किंवा चाक पडलं तर कळणारही नाही. आणि चिरडलं नाही तरी नुकसान होतंच. मे महिन्याच्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. माळटिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंडी थंड ठेवते. आपण जवळ आडवे पडलो की ती उठते, आणि आपण हलेपर्यंत अंडी उघड्या उन्हात तापत राहतात. फोटो उत्तम येतो, कारण ती लांब जात नाही. ती का लांब जात नाही, हे फोटो बघणाऱ्यांना माहीत नसतं.

म्हणून या महिन्यांत गाडीतूनच फोटो, आणि गाडी रुळलेल्या चाकोरीवरच. लांडगा दिसला म्हणून माळात गाडी घालणारे पाहिले की जीव तुटतो. त्यापेक्षा कडबनवाडीला किंवा शिर्सुफळला वनविभागाची गवताळ सफारी घ्या. सोबत गावातलाच वाटाड्या असतो.

चंडोल_सासवड:

ताई, मान्य. झोपून फोटो काढायचे ते पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे. तेव्हा भोवत्ये हे शिकारी पक्षीही आलेले असतात. तेही रात्री गवतात जमिनीवरच उतरतात, त्यामुळे तिन्हीसांजेला त्या गवतात शिरायचं नाही, हेही सांगून ठेवतो.

कोथरूडकर_खंड्या:

सगळ्यांचे आभार. जुने फोटो आत्ताच मोठे करून पाहिले. लागोपाठच्या फोटोंत एकात डोळा स्पष्ट आहे, पुढच्यात नाही. म्हणजे हवाच. प्राइम रद्द, मोरगावला आदल्या रात्री मुक्कामाची सोय बघतो. ताई, गाडी चाकोरीवरच असेल, पण घरटं अगदी कडेला असलं तर ओळखायचं कसं?

माळटिटवी:

पक्षीच सांगतो. डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागला, पंख पसरून जखमी असल्यासारखा फरपटत तुम्हाला एका दिशेला न्यायला लागला, किंवा थोडं धावून पुन्हा पुन्हा एकाच जागी बसायला बघतोय, तर घरटं तिथेच आहे. उतरून शोधू नका. ज्या चाकोरीने आलात तिनेच गाडी मागे घ्या, पक्षी परत बसेपर्यंत लांब थांबा. ती जागा फोटोसोबत कुठेही टाकू नका, फोनमधलं लोकेशनही बंद ठेवा. मेंढ्या घेऊन येणारे धनगर तिथे असतील तर त्यांना मात्र आवर्जून दाखवा. ते कळप बाजूने नेतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.