नाशिकमध्ये रुग्ण-सहायकांचे प्रशिक्षण वर्ग काढायचे आहेत, सल्ला हवा

सिस्टर_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली नर्स. १९ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची सहा आयसीयूत. आता नोकरी सोडून रुग्ण-सहायक तयार करणारं छोटं केंद्र काढायचं मनात आहे. द्वारकेजवळ दोन खोल्या भाड्याने मिळतायत, भाऊ (अंबडला फिटर आहे) मदतीला आहे, फंडाचे पैसेही येतील.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. एका पेशंटला स्ट्रेचरवर घेत होतो. वीस वर्षं काम केलेल्या मावशींनी लघवीची पिशवी उचलून सरळ त्याच्या पोटावर ठेवली, वाटेत लोंबकळायला नको म्हणून. नळीतली लघवी उलटी मूत्राशयाकडे फिरताना मला दिसत होती. मी पिशवी खाली धरली तर मावशी म्हणाल्या, "सिस्टर, इतकी वर्षं असंच ठेवतोय, कोणी काही बोललं नाही." खरंच होतं. त्यांना कोणी काही शिकवलंच नव्हतं.

तर प्रश्न: मान्यता कुणाची घ्यायची? "अमुक नर्सिंग स्कूल" असं नाव चालेल का? पहिल्या बॅचला २० मुली बऱ्या की जास्त?

पाथर्डीफाटा

ताई, काढाच. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून दीड वर्षात ब्युरोकडून (घरी माणसं पुरवणारी एजन्सी) सात जण येऊन गेले. एक जण त्यांना सपाट झोपवूनच नाकातल्या नळीतून पेज ओतत होता, ठसका लागला तेव्हा आम्ही धावलो. घोटीचा एक मुलगा मात्र सोनं होता. दर दोन तासांनी कूस बदलायचा आणि किती वाजता कुठल्या कुशीवर घेतलं ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचा. कुठे शिकलास विचारलं, तर म्हणे आजीचं केलंय. दोन हजार जास्त मिळाले म्हणून तोही गेला.

जुनी_मेट्रन

अगं, "नर्सिंग स्कूल" हे नाव अजिबात घेऊ नकोस. एएनएम (सहायक नर्सचं शिक्षण) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. त्यांना नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते आणि पास झाल्यावर कौन्सिलकडे नोंदणी होते. तुझ्या मुलींना ती नोंदणी मिळणार नाही, हे प्रवेशाच्या दिवशी आईबापांसमोर सांग. पाटीवर, पावतीवर, गणवेशावर सगळीकडे "रुग्ण-सहायक" एवढंच.

तुझा रस्ता कौशल्य प्रशिक्षणाचा. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा "जनरल ड्युटी असिस्टंट" हा कोर्स आहे, घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी "होम हेल्थ एड" आहे. नाहीतर राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. जिल्हा कौशल्य विकास केंद्रात एक दिवस जाऊन बस, जागेचे निकष वाच आणि मगच त्या दोन खोल्यांचं डिपॉझिट भर. उलट क्रमाने केलेले दोघे मी पाहिलेत.

खोल्यांच्याही आधी खाटा शोध. मुलींना वॉर्डात उभं राहू देईल असं हॉस्पिटल नसेल तर तुझा वर्ग म्हणजे पाण्याबाहेर पोहणं. करार लेखी हवा: रोज किती तास, देखरेख कोणाची, सुई टोचली तर जबाबदारी कोणाची. हिपॅटायटिस बीची लस प्रवेशालाच सुरू कर. दुसरा डोस महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी, म्हणजे निदान दोन तरी वॉर्डातल्या पोस्टिंगआधी होतात.

२० नकोत, १२ घे. एका खाटेभोवती सहा जणी उभ्या राहिल्या की मागच्या दोघींना फक्त पाठी दिसतात.

आणि एक. डॉक्टर म्हणतील, "जरा सलाईन लावायलाही शिकवा की." हसून नाही म्हण, ते नर्सचं काम. कूस बदलणं, भांडं देणं, तोंडाची स्वच्छता, ताप-नाडी-श्वास मोजून लिहिणं, इनटेक-आउटपुट (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं), कोणता कचरा पिवळ्यात आणि कोणता लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. एवढं नीट आलं तरी खूप झालं. हात धुणं पहिले आठ दिवस रोज करून घे, कंटाळल्या तरी.

पेठची_पोर

मेट्रनबाईंना +१००. मी फसलेली आहे म्हणून लिहिते. सहा महिन्यांचा "नर्सिंग कोर्स" केला, नाव नाही घेत. बाबांनी बैल विकून फी भरली. फोटो काढायला पांढरा कोट दिला आणि दुसऱ्या दिवशी परत घेतला. वॉर्ड एकदाही पाहिला नाही. मुलाखतीला गेले तर तिथल्या बाईंनी सर्टिफिकेट हातात घेऊन विचारलं, "नोंदणी क्रमांक?" मला तो शब्दच माहीत नव्हता.

ताई, वेळ एसटी बघून ठेवा. आम्हाला अर्ध्या तिकिटात येता येतं, पण संध्याकाळचा वर्ग ठेवलात तर पेठ, सुरगाण्याच्या मुली परत कशा जाणार? राहण्याची सोय झाली तर उत्तमच. आणि फी हप्त्याने घ्या.

हिशेबनीस

कोरडा सल्ला. स्वतःच्या नावावर प्रोप्रायटरशिपने सुरू करा, ट्रस्ट वगैरे नंतर बघू. मोजकीच माणसं कामाला असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. फंडाचे सगळे पैसे पहिल्याच वर्षी ओतू नका, सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवा.

गोदाकाठचा_रिकामटेकडा

२०२७ चा सिंहस्थ येतोय, दोनशे मुलींची बॅच काढा, छप्पर फाडके!

जुनी_मेट्रन

@रिकामटेकडा, गर्दीत माणसं लागतील हे खरं. पण सिंहस्थ संपल्यावर त्या दोनशे जणींना काम तुम्ही देणार का?

सिस्टर_नाशिकरोड

सगळ्यांचे आभार. खोल्यांचं डिपॉझिट थांबवलं, मालक जरा नाराज आहेत. कौशल्य केंद्रात जाऊन आले. निकषांचे कागद जेवढे मिळाले तेवढे आणलेत, आज रात्री वाचून काढते.

४० खाटांच्या एका हॉस्पिटलला विचारलं. डॉक्टरांनी चहा पाजला, हो म्हणाले आणि पाचव्या मिनिटाला तेच, सलाईन. मेट्रनबाई, हसून नाही म्हणता आलं नाही, नुसतंच नाही म्हटलं. उद्या पंचवटीत दुसऱ्या एका हॉस्पिटलात जाते.

वेळ १० ते ४ ठरवतेय. @पेठची_पोर, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघ. ते सर्टिफिकेट राहू दे बाजूला, आधी भेटू.

शेवटची मदत: जुनी फाउलर कॉट (हँडल फिरवून डोक्याची बाजू उचलता येणारी खाट) कुणाकडे पडून असेल तर कळवा. हँडल फिरत नसलं तरी चालेल, भाऊ दुरुस्त करेल. बाजूचे कठडे मात्र हवेत.