ट्रान्स पेशंट डिप्रेस्ड वाटते, मीच पाहू का चिठ्ठी देऊ?

मानेवाडा_जीपी:
नमस्कार मंडळी, नागपुरात मानेवाड्याला छोटा दवाखाना आहे माझा. परवा एक ट्रान्स मुलगी आली, अ‍ॅसिडिटी आणि झोप नाही म्हणून, कंपाउंडरने आधार पाहून जुनंच नाव ओरडलं, सगळे वळून पाहून राहिले, ती आत येऊन दोन मिनिटं गप्पच. मग निघता निघता म्हणे, जगून काय करू असं वाटते. बाहेर गर्दी होती, मी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या देऊन पाठवलं. तेव्हापासून डोक्यात तेच. आता आली तर डायरेक्ट सायकियाट्रीला पाठवू?

गोळी_इंजेक्शन:
आली तर नाही सर, आजच फोन करा. आणि सरळ विचारा, मरायचे विचार येतात का, काही ठरवलंय का, विचारल्याने कोणाच्या डोक्यात भरत नाही. ठरवलं असेल तर एकटीला सोडायचं नाही, आजच मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. नसेल तर पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची यादी भरून घ्या, आठवड्याने बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ द्या, फुकट आहे, चोवीस तास. साधं डिप्रेशन आपण रोज ट्रीट करतोच की, इथं काऊन घाबरायचं? फक्त ट्रान्स असणं हाच आजार म्हणून लिहू नका बाप्पा, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, ते मानसिक आजारांतून काढलंय.

संत्राबर्फी:
मी स्वतः ट्रान्स बाई. आम्ही तापासाठी गेलो तरी डॉक्टर ऑपरेशन झालं का विचारतात, म्हणून जातच नाही. आणखी एक, बऱ्याच जणी मेडिकल स्टोअरमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून हार्मोन म्हणून खातात, कोणी दिवसाला किती पण. रागावलात की पुढच्या वेळी सांगणार नाही. कोणती, किती, सिगारेट ओढते का, पाय सुजला का एवढं विचारा, रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि तिला न विचारता घरी फोन नको! कित्येकींना घरच्यांनीच हाकललेलं असते. नागपुरात आमच्यासारख्यांसाठी काम करणारी सारथी ट्रस्ट आहे, तिची इच्छा असेल तर सांगा.

मानेवाडा_जीपी:
लावला फोन. आधी वाटलं बिलाचं काही राहिलं. ठरवलेलं काही नाही म्हणे, विचार येतात, १४४१६ लिहून घेतला, उद्या संध्याकाळी गर्दी संपल्यावर येते म्हणाली. केसपेपरवर 'हाक मारायचं नाव' असा रकाना टाकला, कंपाउंडर म्हणे सर आधी सांगायचं न. खरं आहे त्याचं.