मदत हवी आहे: लेझर प्रिंटरची अक्षरं बोटाला लागतात

करवीरकर७१:
घरीच टायपिंगची कामं करतो, भाडेकरार, अर्ज वगैरे. उन्हाळ्यात लेझर प्रिंटर घेतला. आता छापलेल्या कागदावरनं बोट फिरवलं की अक्षर पुसतंय. काल एका वकीलसाहेबांनी माझ्यासमोरच कागदाची घडी घातली, तर घडीवरची अख्खी ओळ उडाली. दुकानदार म्हणतो टोनर बदला. सर्व्हिसवाला म्हणतो फ्यूजर, म्हणजे आतला तापणारा भाग, गेला, आणि आकडा असा सांगतो की थोडे अजून घातले तर नवा प्रिंटर येईल. काय करू? लवकर सांगा, उद्या पार्टी येणार आहे.

सावलीतला_पाट:
मॉडेल कुठलं?

करवीरकर७१:
नाव लिहीत नाही, उगाच कंपन्यांवरनं जुंपायची इथं. साधा ब्लॅक अँड व्हाइट आहे.

गंगावेशीतला:
लेझर विकून टाका आणि इंक टँक घ्या. आमच्या घरी तोच आहे. पोरांचे प्रोजेक्ट, फोटो, लग्नपत्रिकेचं प्रूफ, सगळं निघतं. एका बाटलीत किती पानं होतात बघा एकदा.

टोनरदादा:
त्यांना फोटो कुठं काढायचेत? इंक टँक महिनाभर बंद राहिला की नोझल चोकतं, मग हेड क्लीनिंगमध्ये निम्मी शाई गटारात. टोनर म्हणजे पावडर, वाळायचा प्रश्नच नाही. करवीरकर, कागद कुठला वापरता ते सांगा.

गंगावेशीतला:
रोज एक पान काढलं तर काही चोकत नाही. वापरायचं नाही आणि नावं ठेवायची!

करवीरकर७१:
कागद नेहमीचाच.

टोनरदादा:
अहो नेहमीचा म्हणजे साधा ए-फोर का करारासाठीचा जाड हिरवा लेजर पेपर? पुसतंय कशावर?

करवीरकर७१:
लेजरवर जास्त. साध्यावर पण थोडं. गठ्ठे खिडकीपाशी कपाटावर असतात. पण उन्हाळ्यात ह्याच लेजरवर छापत होतो, तेव्हा काही नव्हतं.

टोनरदादा:
मग सर्व्हिसवाल्याला पैसे द्यायची घाई करू नका. ड्रमवरनं, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावरनं, टोनर कागदावर नुसता येऊन बसतो. पुढं फ्यूजर साधारण दोनशे अंशाला तो वितळवतो आणि दाबून चिकटवतो. कागद जाड असला की उष्णता तोच खातो. त्यात कोल्हापूरचा पावसाळा, खिडकीपाशी कागद आठवडाभर राहिला की हाताला गार लागतो. ती ओल घालवण्यातच फ्यूजरची ताकद जाते.

प्रिंट देताना प्रॉपर्टीजमध्ये पेपर टाइप बघा, 'प्लेन' असणार. लेजरसाठी 'थिक' करा. पान जरा सावकाश येईल, येऊ दे. लेजर मॅन्युअल फीडमधनं एकेक घाला. आणि साध्या कागदाचं नवं रीम फोडून दहा पानं काढा. कोरड्या कागदावर पण पुसलं तर मात्र फ्यूजर बघायला लागेल.

भावा_म्हण_फक्त:
भावा, प्रिंटर इन्व्हर्टरवर लावलायस काय? माझा प्रत्येक वेळी ट्रिप मारायचा. फ्यूजर तापताना एकदम करंट ओढतोय. थेट भिंतीच्या सॉकेटला लाव. लाइट गेली तर चहा पी.

सावलीतला_पाट:
त्यांनी ट्रिपचं विचारलंच नाही.

भावा_म्हण_फक्त:
विचारायच्या आधी सांगितलं, बिघडलं कुठं?

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
भाडेकरार करता म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०२४ पासनं बऱ्याच कागदपत्रांना शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा स्टॅम्प लागतोय. आमच्याकडं अजून लोक शंभराचा घेऊन येतात.

गंगावेशीतला:
आणि सरकारी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागतच नाही, साधा कागद चालतो. तरी खिडकीवरचा माणूस मागतोच!

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हापासनं आमच्याकडं टायपिंगचा ढीग पडलाय. करवीरकर, ड्युप्लेक्सवाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा, घ्यायला पाहिजे होता.

करवीरकर७१:
ड्युप्लेक्स आहे. स्टॅम्पचं मला माहीत आहे. मूळ प्रश्नाकडं या की.
'थिक' केलं. लेजरवर अक्षर बसलं, घडी घालून पण बघितली. नव्या रीमवर पण पुसत नाही. फक्त पानावर एकाखाली एक बारीक काळे ठिपके येताहेत. ते आधीपासनं आहेत.

टोनरदादा:
हे आत्ता सांगताय? दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीनं मोजा.

करवीरकर७१:
साडेनऊ सेंटिमीटरच्या आत-बाहेर. प्रत्येक पानावर तेवढंच.

टोनरदादा:
ठरावीक अंतरावर तोच ठिपका म्हणजे एखादा रोलर नाहीतर ड्रम. ९४ मिलिमीटर म्हणजे बहुतेक ब्रदर कंपनीचा ड्रम, तुम्ही नाव लपवून फारसा उपयोग झाला नाही! ब्रदरमध्ये ड्रम वेगळा आणि टोनर वेगळा, त्यामुळं नुसता टोनर बदलून ठिपका जाणार नाही. एचपी-कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये दोन्ही एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, तिथं गेला असता. ड्रम बाहेर काढा, ठिपक्याच्या जागी काही चिकटलंय का बघा, कोरड्या कापसानं हळू पुसा. नख लावू नका आणि उजेडात उघडा ठेवू नका, खराब होतो.

करवीरकर७१:
निघाला. लेबलचा गोंद चिकटला होता.

नवा_मेंबर_०९:
ह्या प्रिंटरवर लग्नाचे स्टिकर निघतात का?