थंडीत सोलर चालत नाही कोण म्हणतं?

वर दादांनी लिहिलंय की नेपाळसारख्या थंड डोंगराळ देशात सोलर म्हणजे पैसे पाण्यात, विजेसाठी त्यांच्याकडे नद्या आहेत की. अहो पण पॅनलला ऊन लागतं, उकाडा नाही! आमच्या नाशिकात एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गच्चीवरच्या पॅनलच्या काचेला हात लावून बघा, चटका बसतो, आत ६० डिग्रीच्या वर गेलेलं असतं आणि २५ च्या वर दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वीज कमी होते, म्हणजे १४-१५ टक्के तिथंच गेली. थंड हवेत हा तोटा जवळपास नाहीच.

आणि नद्यांचं म्हणाल तर तिकडचे बरेचसे जलविद्युत प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, मोठं धरण नाही, त्यामुळे हिवाळ्यात पाणी आटलं की वीज घटते आणि मग भारताकडून घ्यावी लागते. नेमकं तेव्हाच तिकडं आकाश निरभ्र असतं, मग दोन्ही जोडीनं चालवायला काय हरकत? नेपाळातल्या नुवाकोटला २५ मेगावॅटचा सरकारी सोलर प्रकल्प आहेच, तोही जलविद्युत केंद्रांच्या जवळ, म्हणजे लाइन तयारच.

खरी गोची लाइन न पोचलेल्या गावांत, रात्रीसाठी वीज साठवणाऱ्या बॅटरीची. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर बघितलंय, पॅनल मस्त चकाचक आणि खाली बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला कुणी नाही, ती कधीच मेलेली. इथं निदान नाशिकहून जीपमध्ये टाकून नवी नेता येते, नेपाळच्या हुमला-डोल्पासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आतल्या गावांकडं ते वजनदार धूड खेचरावर किंवा विमानानं न्यायचं, त्याचा खर्च कुणीच धरत नाही राव.